डोंगरावरची जुनी चर्चे : ती कशी पाहावीत?

श्रावण लागून नागपंचमी जवळ आली म्हणजे नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावती या बाजूंची माणसे सातपुड्याकडे निघतात. पचमढीच्या रानात नागद्वाराची यात्रा भरते. महाशिवरात्रीला त्याच डोंगरात चौरागडावर महादेवाला त्रिशूळ वाहायला जाणारे आणखी वेगळे. हातभर लांबीच्या त्रिशुळापासून चौघांनी मिळून उचलावा लागेल अशा त्रिशुळापर्यंत सर्व मापांचे लोखंड हे लोक खांद्यावरून वर नेतात. संघटनेच्या कामात आम्हाला हे दिवस पाठ असतात, कारण त्या आठवड्यात सभा बोलावून उपयोग नसतो; निम्मी मंडळी महादेवाला गेलेली असतात.

याच पचमढीत दोन जुनी चर्चे आहेत. एक प्रॉटेस्टंटांचे, क्राइस्ट चर्च, १८७५ सालचे. दुसरे कॅथलिकांचे, १८९२ सालचे. यात्रेकरू पचमढीच्या बाजारातून जातो, चहा घेतो, पुढच्या जीपची वाट पाहतो. पण चर्चच्या आवारात पाऊल टाकणारा शंभरात एखादा. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "ते साहेबाचं आहे भाऊ, आपलं काय काम तिथं?" या उत्तरात खरे किती आणि खोटे किती, हे थोडे उलगडून पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हे, इतिहासाचे पदवीधरही नव्हे. शाळा लौकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि बांधकामावरच्या गवंडी-सुतारांच्या संगतीत झाले. त्यामुळे इमारतीकडे पाहताना आमची नजर आधी भिंतीच्या दर्जांकडे जाते, शिखराकडे नंतर. ही सवय वाचकांनी सांभाळून घ्यावी.

पहिला प्रश्न साधा आहे. इतक्या उंचावर ही चर्चे गेली कशी? भक्तीने म्हणावे तर खालच्या गावांतही भक्ती होतीच. उत्तर उन्हाळ्यात आहे. १८६१ साली मध्यप्रांत हा नवा प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. नागपूरचा वैशाख आपण जन्मापासून सोसतो. थंड देशातून आलेल्या अधिकाऱ्यांना आणि गोऱ्या शिपायांना तो सोसवेना. हिवताप, पटकी, आमांश यांनी छावण्याच्या छावण्या आजारी पडत. १८६२ साली कॅप्टन फोर्सिथ पचमढीच्या पठारावर पोहोचला आणि त्याने तेथे 'बायसन लॉज' बांधला. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडे अधिक उंच, झाडीने भरलेले, पाण्याचे हे पठार सरकारला मानवले. आजारी सैनिकांसाठी आरोग्यस्थान झाले, लष्करी छावणी झाली आणि पुढे उन्हाळ्यात प्रांताचे सरकारच नागपुराहून येथे मुक्कामाला येऊ लागले. साहेबाबरोबर फायली आल्या, फायलींबरोबर कारकून, कारकुनांबरोबर शिपाई, खानसामे, भिस्ती, धोबी. या वसाहतीत बंगला, बराक, बाजार यांच्या जोडीला चर्च असणे ओघानेच आले. चर्च ही त्या वसाहतीची रविवारची कचेरी होती म्हटले तरी चालेल.

येथे एक गोष्ट विसरू नये. हे पठार रिकामे नव्हते. गोंड आणि कोरकू यांचा हा मुलूख. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत कोरकूंचा पुढारी भभूतसिंग याच डोंगरांच्या आधाराने इंग्रजांशी लढला होता. त्यानंतर वीस वर्षांच्या आत त्याच डोंगरात चर्चची घंटा वाजू लागली. 'ते साहेबाचं आहे' या म्हणण्यात जो खरा भाग आहे तो हा.

आता दुसरी बाजू. अशा ठिकाणी गेल्यावर इमारतीचे साल पाहावे आणि त्याच्याशेजारी रस्त्याचे व आगगाडीचे साल मांडून पाहावे. आमच्या मते डोंगरावरची इमारत समजण्याची ही पहिली किल्ली आहे. पचमढीचेच घ्या. मुंबईहून इटारसी-जबलपूरवरून कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग १८७० साली पुरा झाला आणि पिपरिया हे स्टेशन पचमढीच्या पायथ्याशी आले. त्यानंतर पाच वर्षांनी चर्च उभे राहिले. त्याच्या आधी एक वर्ष, १८६९ साली, सुएझचा कालवा खुला झाला होता. चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काच युरोपातून आणलेली आहे. म्हणजे ती पेटी बोटीने मुंबईस, आगगाडीने पिपरियास आणि तेथून पुढची पन्नासेक किलोमीटरची वाट बैलगाडीने किंवा माणसाच्या डोक्यावरून आली असली पाहिजे. काच न फुटता वर पोहोचली, याचे श्रेय ज्याने डोके आणि मान सरळ ठेवली त्याला आहे. त्याच्या नावाची पाटी चर्चमध्ये नाही.

इतर ठिकाणी तर आगगाडीचाही आधार नव्हता. सिमल्याच्या क्राइस्ट चर्चचे काम १८४४ साली सुरू झाले आणि १८५७ साली त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले. कालका-सिमला रेल्वे आली ती १९०३ साली. तोपर्यंत सिमल्याला कितीतरी जड वस्तू खेचराच्या पाठीवरून नाहीतर हमालाच्या पाठीवरून चढल्या. नीलगिरीत उटकमंडचे सेंट स्टीफन चर्च याहून जुने. १८२९ च्या एप्रिलात त्याचा पाया घातला गेला. त्याच्या छपराची मोठी लाकडे श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाचा वाडा उतरवून तेथून आणली आणि हत्तींकडून घाट चढवून नेली. पाडलेल्या राजवाड्याच्या तुळया आणि त्यांच्याखाली रविवारची प्रार्थना! यावर भाष्य करण्याची गरज नाही. वर मान करून त्या तुळयांकडे पाहिले की पुरे.

आपल्या महाराष्ट्रात महाबळेश्वरची गोष्ट अशीच पाहण्यासारखी आहे. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने तेथे ठाणे वसवले, माल्कमपेठ हे नाव त्यावरूनच पडले. १८३४ साली तेथे तुरुंग काढून मलाया-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी ठेवले. तेथील पुष्कळसे रस्ते या कैद्यांनी केले, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. तो तुरुंग १८६४ साली बंद झाला. मधल्या काळात, १८४२ साली, तेथील क्राइस्ट चर्च झाले. ज्या रस्त्यांवरून मडमांच्या पालख्या रविवारी निघत, ते रस्ते साता समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेल्या माणसांनी खणलेले होते. महाबळेश्वरला जाणारे आपले लोक स्ट्रॉबेरीची चौकशी फार करतात, या कैद्यांची कोणी करीत नाही.

बेगारीचा प्रश्न आला म्हणून एका माणसाचे नाव येथे घेतलेच पाहिजे. सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन तरुण १९०४ साली महारोग्यांची सेवा करायला हिंदुस्थानात आला आणि सिमल्याच्या पलीकडे कोटगड येथे स्थायिक झाला. डोंगरी लोकांना साहेबाचे सामान फुकट किंवा नाममात्र पैशांत वाहावे लागे. शेतीची कामे खोळंबली तरी चालतील, पण साहेबाचा मुक्काम हलला पाहिजे. स्टोक्सने याविरुद्ध गावोगाव लोक उभे केले, ओझे उचलण्यास नकार द्यायला शिकवले आणि १९२१ साली त्या भागातली बेगार सरकारला मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी असहकाराच्या चळवळीत तो तुरुंगातही गेला. पुढे १९३२ साली त्याने हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. सफरचंदाच्या बागांमुळे त्याचे नाव लोकांना माहीत आहे. आम्हाला मात्र तो हमालांचा पहिल्या प्रतीचा संघटक वाटतो. डोंगरावरच्या चर्चचा इतिहास सांगताना गव्हर्नर आणि बिशप यांच्याबरोबर हा माणूसही सांगितला पाहिजे.

असो. आता आत जाऊ.

काही वर्षांपूर्वी बांधकाम मजुरांची एक तुकडी घेऊन आम्ही पचमढीस गेलो होतो. क्राइस्ट चर्चमध्ये शिरल्यावर आमच्यातले एक म्हातारे गवंडी बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, आतमंदी एक बी खांब नाही. मंग हे सारं छत कशावर उभं हाये?" पुस्तकी माणसाच्या आधी त्यांनी नेमका प्रश्न विचारला. त्या चर्चचे वैशिष्ट्य खरोखर हेच आहे की आत खांब नाहीत. उतरत्या छपराचे वजन नुसते खाली येत नाही, ते भिंतींना बाहेरही ढकलते. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले तर खालची टोके सरकू पाहतात, तसेच. हे ढकलणे थोपवायचे दोन उपाय आहेत. एक, लाकडी कैचीत आडवी तुळई टाकून दोन्ही पाख्यांची टोके बांधून टाकायची. दुसरा, भिंत जाड करून बाहेरून तिला ठरावीक अंतरावर दगडी धिरे द्यायचे. म्हणून कोणत्याही जुन्या चर्चला आत जाण्यापूर्वी बाहेरून एक फेरी मारावी. धिरे कोठे आहेत ते पाहिले की आतले छत कसे पेलले आहे ते उलगडते.

कमान टोकदार का असते, हेही त्याच ओघात सांगता येईल. अर्धगोल कमान बाजूंना जास्त रेटते. टोकदार कमानीत वजन अधिक सरळ खाली उतरते, त्यामुळे त्याच भिंतीत खिडकी उंच करता येते. युरोपातल्या पाथरवटांनी बाराव्या शतकात ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि सातशे वर्षांनी ती सातपुड्यात आली. छपराचा तीव्र उतार तिकडे बर्फ घसरून जावे म्हणून असतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण सातपुड्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो उतार परका वाटणार नाही. वेदीच्या वर अर्धगोल घुमट आहे. त्याच्या बरगड्या खाली उतरत येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला देवदूताचा चेहरा कोरलेला आहे. लोक चेहऱ्यांचे कौतुक करतात, ते करावेच. पण काम करते आहे ती बरगडी.

रंगीत काचेबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. ती काचेवर रंगवलेली चित्रे असतात असे लोक धरून चालतात. मूळ रंग काच वितळतानाच धातूंची भस्मे घालून आणलेला असतो, निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्या-तांबड्यासाठी तांबे. असे तुकडे कापून ते शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. डोळे, बोटे, वस्त्राच्या चुण्या एवढे बारीक काम वरून रंगवून पुन्हा भट्टीत भाजतात. या शिशाच्या पट्ट्या शंभर वर्षांत थकतात, वाकतात, काच खुळखुळू लागते. ती पुन्हा बसवणारा कारागीर आज शोधावा लागतो.

बाके पाहावीत. सिमल्याच्या चर्चमध्ये पुढची बाके व्हाइसरॉय, सरसेनापती, पंजाबचे गव्हर्नर यांच्यासाठी राखलेली असत. देवासमोरही हुद्द्याचा क्रम मोडलेला नव्हता. अर्थात आपल्या देवळांत कोण गाभाऱ्यापर्यंत जाई आणि कोणाला पायरीशी थांबवले जाई, हे आपण जाणतोच. तेव्हा या बाबतीत बोट दाखवताना आपला हातही पाहावा. उत्तरेकडील काही छावण्यांच्या चर्चांत बाकांच्या पाठीला खाचा आढळतात. १० मे १८५७ रोजी मीरतेला उठाव झाला तो रविवार होता. त्यानंतर गोऱ्या शिपायांनी प्रार्थनेलाही बंदूक घेऊन जावे असा रिवाज पडला आणि बंदुका टेकवण्यासाठी या खाचा आल्या. राज्य भीतीवर चालते म्हणजे दोन्हीकडच्या भीतीवर, हे त्या खाचेत बोट घातले की कळते.

भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या आणि बाहेरची कबरस्ताने घाईने पाहू नयेत. मोठ्या हुद्द्याची माणसे तेथे आहेतच : धरमशाळेच्या रानातील सेंट जॉन चर्चच्या आवारात व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन याची कबर आहे; तो १८६३ साली तेथेच मरण पावला. याच चर्चचा मनोरा १९०५ च्या कांगडा भूकंपात कोसळला, चर्च मात्र टिकले. पाचगणीला ज्या जॉन चेसनने वसवले तो तेथील सेंट पीटर चर्चच्या कबरस्तानात पुरलेला आहे. पचमढीच्या कॅथलिक चर्चच्या कबरस्तानात दोन्ही महायुद्धांच्या काळातील सैनिकांच्या कबरी आहेत. पण आम्हाला थांबवतात त्या लहान कबरी. डोंगरावरच्या अशा कबरस्तानांत दगडावरची वये वाचत जावे. तीन महिने, दोन वर्षे, बाळंतपणात गेलेली बावीस वर्षांची बाई, तापाने गेलेला एकोणीस वर्षांचा शिपाई. हा शिपाई कोणाचा होता? बहुधा विलायतेतल्या एखाद्या बेकार मजुराचा किंवा उपाशी आयरिश कुळाचा मुलगा. त्याच्या बंदुकीखाली आपण होतो हे खरे. पण त्याला येथे आणणारी भूक आमच्या ओळखीची आहे. ही गोष्ट आम्ही सभेत बोललो तेव्हा काही मित्र रागावले होते. आमचे मत तेच आहे.

पचमढीचे कॅथलिक चर्च फ्रेंच व आयरिश वळणाचे सांगतात आणि त्याची काच बेल्जियमची. फ्रेंच वळण सातपुड्यात कोठून आले, याचा धागा नागपूर-कामठीकडे लागतो. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सॅव्हॉय प्रांतात आनसी नावाचे गाव आहे. तेथे १८३८ साली सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने धर्मसेवकांचा संघ निघाला. या संघाचे धर्मगुरू १८४५-४६ च्या सुमारास विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून कामठी-नागपूरकडे त्यांचे काम पसरले. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नागपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या एस. एफ. एस. या तीन अक्षरांमागे अशी एका डोंगरी मुलखाची वाट आहे.

आणि चर्च म्हणजे गोऱ्यांनी बांधलेली वस्तू, हा समज मुळातच अपुरा आहे. इथिओपियाच्या उंच पहाडांत लालिबेला येथे अकरा चर्चे अखंड खडकात कोरलेली आहेत. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे इंग्रज हिंदुस्थानात येण्याच्या कितीतरी आधीची. ती वरून खाली कोरत आणली आहेत, आपल्या वेरूळच्या कैलासासारखीच. तेथील राजा आफ्रिकन, पाथरवट आफ्रिकन, पुजारीही आफ्रिकन. वेरूळ पाहिलेल्या माणसाला लालिबेलाचे चित्र दाखवले तर तो आधी टाकीच्या घावांविषयी विचारील. धर्माची चौकशी मागाहून करील.

साहेब १९४७ साली गेला. १९५६ साली प्रांतांची फेररचना होऊन नागपूर मुंबई राज्यात आले, पचमढी मध्यप्रदेशात राहिली. आज ती नर्मदापुरम जिल्ह्यात मोडते. चर्चे मात्र रिकामी झाली नाहीत. तेथे आज प्रार्थना करणारे लोक या देशाचेच आहेत. शिक्षक, परिचारिका, रेल्वेतले निवृत्त कामगार, छोटे दुकानदार. प्रॉटेस्टंटांच्या निरनिराळ्या सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले, ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सिव्हिल लाइन्समधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये. त्यासाठी चाळीस वर्षे बोलणी चालली होती. एकाच कारखान्यात चार-चार युनियनी चालवणाऱ्या आम्हा मंडळींना त्या बातमीची असूया वाटावी!

पण मंडळी लहान आणि इमारत मोठी, ही आजची खरी अडचण आहे. कौले सरकतात, पन्हळी तुंबतात, पाणी भिंतीत मुरते. जुन्या चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. हे आम्ही किल्ल्यांवर, देवळांवर, मशिदींवर आणि चर्चांवर सारखेच पाहिले आहे. चुन्याची घाणी चालवणारा, दर्जा चुन्याने भरणारा गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळांतून हे जुने कसब शिकवण्याचे वर्ग निघावेत, असे आमचे मागणे आहे. सातपुड्यातील दोन चर्चे, रामटेकचे देऊळ आणि नगरधनचा किल्ला यांना लागणारा गवंडी एकच आहे. त्याला रोजही चांगला पडेल.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आधी नागपुरातले ऑल सेंट्स एकदा पाहून घ्यावे. कमान, धिरा, वेदी, पाट्या यांची नजर घरीच बसते. पचमढीस रस्त्याने छिंदवाडा आणि तामियावरून जाता येते, अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर. वाटेत कोळशाच्या खाणींचा मुलूख लागतो. आगगाडीने इटारसीवरून पिपरिया आणि तेथून मोटार. यात्रेच्या गर्दीत इमारत पाहणे होत नाही; पावसाळा सरल्यावर जावे. चर्च बंद असेल तर दार ठोठावत न बसता आवारातल्या राखणदाराला विचारावे, तो बहुधा उघडून देतो. जाताना दानपेटीत काही टाकावे, कारण कौले त्यातूनच बसतात. रविवारी प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसावे, कोणी उठवीत नाही. प्रार्थना करणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत, कबरीवर बसून डबा सोडू नये. जुन्या रिवाजाप्रमाणे वेदी पूर्वेकडे ठेवतात, म्हणून काच पाहायची ती सकाळी नवाच्या आत. ऊन वर चढले की रंग मावळतात. तेवढ्यात चौरागडाची वाट धरली तर तेराशेच्या आसपास असलेल्या पायऱ्या चढून दुपारच्या आधी महादेवही होतो.